मोडलेली हाक

१

रंगुबाईला घड्याळ कळत नव्हतं असं नाही, पण ती त्याच्यावर फारशी विसंबत नसे. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला चारा घालायचा, एवढं तिला सांगितलेलं होतं. जन्मभर मेंढरांमागं चाललेल्या बाईला चाऱ्याची वेळ कळायला भिंतीवरचा काटा लागत नाही. वेळ झाली की ती दाराशी चप्पल काढायची, डोक्याला निळी टोपी घालायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि त्या थंडगार खोलीत शिरायची. चारा म्हणजे बाटलीतलं गुलाबी पाणी. मेंढरं म्हणजे काचेच्या कपाटातल्या अठ्ठेचाळीस वाट्या.

मिरजेच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हे चालायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं मिरची कांडत असतील. आत मात्र प्रत्येक वाटीच्या तळाशी केसाहून बारीक तारांची जाळी होती आणि त्या जाळीवर मेंढीच्या पोटातल्या, न जन्मलेल्या कोकरांच्या मेंदूतला एकेक कण वाढवलेला होता. सौमित्र नावाचा तिथला इंजिनिअर, वाईचा पोरगा, तिला मावशी म्हणायचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात तिला समजावलं होतं.

"मावशी, कॉम्प्युटरमध्ये जिथं चिप असते ना, तिथं आपण हे जिवंत बसवतोय. याला वीज जवळजवळ लागत नाही. उपसा योजनेच्या पंपांचे आवाज याला ऐकवायचे आणि कुठला पंप बिघडायला आलाय ते यानं ओळखायचं. बिघडणारा असला की या छोट्या स्पीकरमधून टक असा आवाज करायचा. बास."

"म्हंजी आयकत्यात व्हय ही?"

"ऐकतात. समोर मायक्रोफोन आहे."

"मंग मेंढरंच की," रंगुबाई म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय संपला.

तिचा नवरा धुळा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा इंद्रजित आणि सून क्रांती दीडशे मेंढरं घेऊन फिरत. नातीची, राणीची, शाळा बुडू नये म्हणून रंगुबाईनं मिरजेत एक खोली घेतली आणि या शेडमध्ये काचेची भांडी धुवायचं काम धरलं. भांडी धुता धुता मोठ्या मॅडमनी, ज्ञानदा मॅडमनी, तिचा हात पाहिला. अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकरू फिरवून काढणारा तो हात, थरथर म्हणून नाही. मॅडमनी तिला वाट्यांवर घेतलं. सात वर्षांच्या राणीला सांभाळून, सावलीत बसून, मान वर करून करायचं काम मिळालं याचा रंगुबाईला मनातून फार आनंद झाला होता, आणि तो ती कुणाला दाखवत नव्हती.

२

पहिले चार महिने वाट्या काही शिकेनात. सौमित्र पडद्यावरच्या रेघा बघत केस उपटत बसायचा. रेघा नुसत्या उड्या मारायच्या. लांडगा आल्यावर वाघरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, मेंढरं एकमेकांना तुडवतात तसं काहीतरी त्या वाट्यांत चाललेलं असायचं, असं रंगुबाईला वाटे. एक दिवस चारा घालताना तिच्या तोंडातून सवयीनं हाक निघून गेली.

"हिर्रर्र… याऽ याऽ याऽ… थो."

पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम आडव्या झाल्या आणि संथ चालायला लागल्या. सौमित्र खुर्चीतून अर्धवट उठला. त्यानं तिला परत हाक मारायला लावली, मग परत. मॅडमना बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी दोघांचं म्हणणं पडलं, की ही हाक रेकॉर्ड करू आणि रोज चाऱ्याच्या वेळी, धड्याच्या आधी लावू.

रंगुबाईनं तोंड फिरवलं. "हाक अशी दुसऱ्याच्या हातात दीत न्हाईत, दादा."

"का हो, मावशी?"

"घराघराची येगळी असती ती. माज्या सासऱ्याची पहिली हाक एका गड्यानं उचलली. लय हुबेहूब. एक दिस टेकाडामागनं मारली आन चाळीस मेंढरं घिऊन गेला. कुत्रीबी भुकली न्हाईत."

"मग?"

"मंग सासऱ्यानं हाक मोडली. तीन दिस हाक मारायचा, आन मेंढरं आली की काठीनं बडवायचा. जे यील त्याला. डोळ्यातनं पानी गळत हुतं म्हाताऱ्याच्या, पर हात थांबला न्हाई. चवथ्या दिशी हाक मारली तर मेंढरं लांब पळाली. तवा त्यानं ही नवी हाक केली. मोडल्याबिगर दुसऱ्याच्या तोंडातली हाक जात न्हाई, आन मोडल्याली पुन्यांदा जुळत न्हाई."

"पण हा काही चोर नाही, मावशी," सौमित्र हसून म्हणाला. "हा तर माणूसच नाही."

हे खरं होतं. शिवाय मॅडमनी तिला स्वतःच्या खोलीत खुर्चीवर बसवून, स्वतःच्या कपातून चहा दिला होता, आणि रंगुबाईला मोठेपणा कडू लागत होता असं काही नाही. शिमग्याच्या आदल्या दिवशी तिनं हाक दिली. आठ दिवसांत वाट्या पंप ओळखायला लागल्या. सगळ्यांना पेढे वाटले गेले.

३

आषाढात तिचा वरचा पुढचा दात हलायला लागला. मिरजेत डॉक्टरांची काय कमी, अर्ध्या तासात दात काढून तिच्या हातावर ठेवला. तेव्हापासून हाक मारताना शेवटच्या 'थो'ला त्या फटीतून एक बारीक शीळ निघायची. राणी पोट धरून हसायची आणि पुन्हा मारायला लावायची.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका दुपारी रंगुबाई मागच्या मोरीत बाटल्या घासत होती. आतल्या खोलीतून हाक आली. सौमित्रनं रेकॉर्ड लावली असेल, म्हणजे चाऱ्याची वेळ झाली, असं म्हणून तिनं हात पुसले आणि आत गेली. बाराव्या की तेराव्या वाटीत चारा सोडताना तिच्या लक्षात आलं की हाकेला शीळ होती.

रेकॉर्ड शिमग्याची. शिमग्याला दात तोंडात होता.

तिनं उरलेल्या वाट्या नीट भरल्या. मग सौमित्रकडं गेली. त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला चिकटपट्टी लावलेली होती.

"कानाला काय झालं, दादा?"

"काय माहीत. झोपेत काहीतरी लागलं." त्यानं पट्टी चाचपली.

"आत्ता रेकाड लावली हुती न्हवं?"

"नाही हो. आज दुपारपासून मी यंत्राला हातच लावला नाही." तरी तिच्या समाधानासाठी त्यानं रेकॉर्ड लावून दाखवली. हिर्रर्र, याऽ याऽ याऽ, थो. स्वच्छ. शीळबीळ काही नाही.

"त्या वाट्याच बोलल्या असतील का?"

"त्यांना फक्त टक येतं, मावशी. एक टक. स्पीकर तेवढ्यासाठीच आहे." मग तो पडद्याकडं वळला. "आता टक फारच वेगानं केलं, एका सेकंदाला हजारो वेळा, तर त्यातून कुठलाही आवाज…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "जाऊ दे. नळाचा आवाज असेल."

रंगुबाई भुताखेतांना मानणारी नव्हती. चाळीस वर्षं मेंढरांबरोबर ती मसणवटीच्या कडेला, ओढ्यात, पडक्या विहिरींपाशी झोपली होती. भुतं असती तर एखादं तरी भेटलं असतं, असं ती म्हणायची. नळाचाच आवाज, असं तिनं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी घरी जाताना मात्र राणीनं हाक मारायला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदाच नाही म्हणाली.

४

श्रावण लागला आणि ज्ञानदा मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम सांगलीच्या, हळू बोलणाऱ्या, केस नेहमी घट्ट अंबाड्यात. त्या दिवशी केस मोकळे सोडलेले, दोन्ही कानांवरून पुढं घेतलेले होते.

"रंगुबाई, चाऱ्याच्या बाटल्या महिनाभर पुरतात. या वेळी पंधरा दिवसांत संपल्या. तुम्ही दिवसातून किती वेळा घालता?"

"तीनदा, म्याडम. नऊ, एक आन पाच."

"रागावत नाही मी. पण कॅमेऱ्यात तुम्ही सहा-सात वेळा आत जाताय. बसा, दाखवते."

चित्राला आवाज नव्हता. कोपऱ्यातल्या घड्याळात साडेबारा. मोरीतली रंगुबाई घासणी अर्ध्यातच खाली ठेवते, उठते, ओले हात तसेच लोंबकळत ठेवून खोलीत येते आणि कपाटासमोर मान खाली घालून उभी राहते. चारा घालत नाही. नुसती उभी. पडद्याबाहेरच्या रंगुबाईला यातलं काहीही आठवत नव्हतं. तिनं त्या बाईच्या लुगड्याचा काठ निरखून पाहिला, की दुसरी कुणी आहे का. तीच होती.

मग सौमित्र आला. तोही मान खाली घालून तिच्याजवळ गेला, वाकला आणि तिच्या काखेखाली डोकं घालून उभा राहिला. त्याच्यामागून गेटवरचा वॉचमन तानाजी आला, श्रावणात कानटोपी घातलेला. त्यानं सौमित्रच्या कुशीत डोकं घातलं. भर उन्हात, झाड नसलेल्या माळावर मेंढरं अशी उभी राहतात, एकमेकांच्या पोटाच्या सावलीत मुंडकी घालून. रंगुबाईनं हे हजारदा बघितलं होतं. पण त्या खोलीत ऊन नव्हतं. त्या खोलीत इतका गारठा असायचा की ती आत दोन पोलकी घालून जायची.

शेवटी पांढरा कोट घातलेली एक बाई आली. घट्ट अंबाडा. ती गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांच्या मध्ये डोकं घालून स्तब्ध झाली.

अकरा मिनिटं कुणी हललं नाही. मग बाकीची तिघं तीन दिशांना गेली आणि रंगुबाईनं बाटली उघडली.

मॅडम बघत होत्या. त्यांनी चित्र मागं नेलं, पुन्हा पाहिलं, आणि पडदा बंद केला. "या कॅमेऱ्याची वेळ चुकतेय," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून घेते." त्यांची बोटं कानावरचे केस सारखे पुढं ओढत होती.

काम त्याच दिवशी सोडायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण राणीच्या शाळेचं वर्ष, खोली, दोन वेळचं शिजणं, सगळं तिथंच अडकलेलं. मी जायचंच नाही, मंग कोन काय करतंय, असं तिनं ठरवलं. पाच वाजायच्या सुमाराला ती मोरीतल्या स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. हाक आली तसे तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती खोलीत होती आणि हातातली बाटली अर्धी रिकामी झालेली होती. तेव्हा मात्र ती घाबरली.

५

शनिवारी राणीची शाळा सकाळची. साडेअकराला पोरगी येऊन तानाजीच्या केबिनमध्ये गणितं सोडवत बसायची. रंगुबाई मागच्या दारातून तिला भाकरी खायला बोलवायची, तीच हाक मारून, आणि शेवटी "राणेऽ" जोडून. गेल्या शनिवारपासून मात्र ती केबिनपाशी जाऊन पोरीचा हात धरून आणत होती. सोमवारी काम सोडते असं मॅडमना सांगायचं, हेही ठरलेलं होतं.

त्या शनिवारी ती मोरीत उभी असताना हाक आली. हिर्रर्र, याऽ याऽ याऽ, थो, शीळेसकट. तिचं पाऊल उचललं. आणि मग मागून आलं, "राणेऽ".

ही हाक तिला नव्हती.

ती धावली. ती धावली हे तिला पक्कं आठवतं. बोळातली फरशी ओली होती, तिचा पाय सरकला, भिंतीचा आधार घेतला, हे सगळं आठवतं. खोलीचं दार उघडं होतं. काचेचं कपाटही उघडं होतं, आणि त्याच्यासमोर राणी शाळेच्या गणवेशात पाठमोरी उभी होती.

"राणे."

पोरगी वळली. तिनं उजवा कान हातानं धरला होता आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. रंगुबाईनं तिचा हात बाजूला केला. कानाच्या पाळीला एक तिरपा काप होता, लहानसा, सफाईदार. विकत आणलेलं कोकरू आपलं झालं की त्याच्या उजव्या कानाला त्यांच्या घरात असाच काप देत. धुळाचा हात त्यात बसलेला होता. आणि तिचा.

"कुनी केलं हे?"

राणीला प्रश्नच कळला नाही. "तूच की, आज्जे. हाक मारलीस, आले. मंग म्हनलीस, हलू नगंस, झालं आत्ता."

"आगं, मी तर आत्ता आले पळत."

"न्हाई. तू हितंच हुतीस."

रंगुबाईनं कमरेच्या खिशात हात घातला. बाटल्यांची सिलं कापायची कात्री तिथं होती. पातं ओलं होतं.

तिनं कपाटात एकदाच पाहिलं. वाट्यांच्या काठांवरून काहीतरी पांढरं वर आलेलं होतं. बाभळीच्या काट्यांना लोकर अडकून राहते तसे त्याचे बारीक धागे तारांवरून या वाटीतून त्या वाटीत गेलेले होते. त्यातले काही दाराच्या काचेपर्यंत आलेले. छोट्या स्पीकरमधून अगदी हळू आवाज येत होता, "च्च, च्च, च्च." कान कापल्यावर कोकराला शांत करायला ती स्वतः करायची, तो.

राणीला उचलून बाहेर पडताना तिनं आपल्या उजव्या कानाला हात लावला. पदराखाली पाळीवर खपली होती. चांगली जुनी, सुकलेली.

६

संध्याकाळच्या एसटीनं ती राणीला घेऊन जतच्या पलीकडं, माळावरच्या आपल्या वस्तीवर गेली. पावसाळ्यात मेंढरं गावाकडंच असतात. सोबत खोलीतली दोन भांडी आणि राणीचं दप्तर, एवढंच घेतलं. कान तारेला लागून फाटला, असं क्रांतीला सांगितलं. क्रांतीनं हळद लावली.

झोप कुणाला लागणार होती. रंगुबाईचा विचार एकाच जागी घुटमळत होता. हाक दुसऱ्याच्या तोंडात गेली होती. पोरगी शाळेसाठी परत मिरजेला गेली, कुठंही गेली, आणि कुठल्याही भिंतीपलीकडून ती हाक आली, तर ही जाणार. आजी आहे म्हणून हसत जाणार. यावर काय करायचं ते सासऱ्यानं तिला दाखवून ठेवलेलं होतं. ते आपल्याच्यानं होईल का, एवढाच प्रश्न होता.

सकाळी तिनं राणीला शंभर पावलं लांब, बाभळीपाशी उभं केलं. निरगुडीची ओली काठी तोडली. आणि हाक मारली.

वाघरीतली मेंढरं जाळीशी आली. खोपीत चहा पीत बसलेला इंद्रजित पेला ठेवून उठला, चार पावलं चालत आला आणि स्वतःशीच हसला. या हाकेवरच वाढलेला तो, रानात कुठंही असला तरी जेवायला याच हाकेनं यायचा. क्रांतीही लग्न होऊन आल्यापासून तेच शिकली होती. रंगुबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. राणी तांबड्या फ्रॉकात दोन्ही हात पसरून तिच्याकडं पळत येत होती.

तिनं काठी मारली. पोटरीवर.

राणी रडलीच नाही आधी. तिला वाटलं चुकून लागली. रंगुबाईनं तिला परत बाभळीपाशी नेलं, परत हाक मारली. या वेळी पोरगी चालत आली. तिसऱ्यांदा रडत आली. इंद्रजितनं येऊन आईचा हात धरला.

"आये, याड लागलं का तुला? पोरगी हाय ती."

"सोड. हाक मोडतीया मी. मेंढरांचीबी मोडायची हाय. तू नवी हाक कर तुजी."

"का पन? झालं काय?"

"तिथं हाय ती हाक, इंद्या. ते मारतंय. माज्या आवाजात मारतंय." याहून जास्त तिला सांगता येईना, कारण याहून जास्त तिलाच माहीत नव्हतं. आईला असं रडताना त्यानं बाप गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. तो हात सोडून मागं झाला.

दोन दिवस लागले. राणीच्या पायांवर निळे वळ उठले. प्रत्येक वेळी रंगुबाई हात पहिल्याइतकाच उचलायची, कारण हलका फटका म्हणजे पोरीला आशा लावणं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली तेव्हा राणीची चड्डी ओली झाली, पण ती आली नाही. उलट्या दिशेला पळाली. मेंढरंही जाळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन दाटली.

रंगुबाईनं काठी टेकवून श्वास सोडला. रात्री झोपेत राणी तिच्या कुशीत आपोआप आली, तेवढंच तिला पुरलं.

७

चौथ्या दिवशी दुपारी ती डांबरी सडकेवर होती.

मोटरसायकलचा हॉर्न कानाशी वाजला तेव्हा तिला कळलं. इंद्रजित गाडी आडवी लावून समोर उभा होता. वस्ती दोन कोस मागं राहिलेली. तोंड मिरजेकडं. पायांत चपला नव्हत्या. त्या खोपीच्या दाराशी व्यवस्थित जोडीनं काढलेल्या सापडल्या, वाट्यांच्या खोलीत जाताना ती काढायची तशा.

"कुटं निगाली हुतीस, आये?"

"एक वाजला असंल," ती म्हणाली.

घरी येऊन पाणी प्यायल्यावर तिला सगळं लख्ख कळलं. राणीची हाक मोडली होती. मेंढरांची मोडली होती. तिची कुणी मोडली होती? शिमग्यापासून ती हाक ऐकून गेली आणि कुणी तिला एक फटका मारला नव्हता. आपण त्यांना बोलावतो आणि ती शांत होतात, असंच तिला वाटत राहिलं. बोलावणारं कोण आणि येणारं कोण, हे मॅडमनी तिला चित्रात दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंद्रजित खोपीत बसून लोकर कातरायच्या कात्रीला धार लावत होता. क्रांती भाकरी थापत होती. रंगुबाई बाभळीखाली बसली, राणीला समोर बसवलं आणि निरगुडीची काठी तिच्या हातात दिली.

"मी उठले की मार."

राणीनं काठीकडं पाहिलं. "मला न्हाई यीत, आज्जे."

"यील. पायावर मार. मी काय बी म्हनलं तरी थांबू नगंस. रडले तरी मारायचं."

"मंग तू मिरजंला न्हाई जानार?"

"न्हाई जानार."

पोरीनं मान हलवली आणि काठी दोन्ही हातांनी धरली. बाभळीची सावली बुंध्याशी आखडत आली. खोपीतून कात्री घासल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. रंगुबाईनं आपले पाय बघितले. चपला पायांत होत्या. तिनं अंगठे घट्ट रोवले.

हाक आली.

हिर्रर्र, याऽ याऽ याऽ, थो. शीळेसकट. इतक्या जवळून कधी आली नव्हती. राणी दचकून उठली आणि दोन पावलं मागं सरली, म्हणजे तिलाही ऐकू आली होती. रंगुबाईनं मिरजेच्या दिशेला पाहिलं. मोकळा माळ होता, कुणी नव्हतं. मग तिनं राणीकडं पाहिलं. राणी माळाकडं बघत नव्हती. ती आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"आज्जे," पोरगी म्हणाली, "तूच मारतीयास."

रंगुबाईनं तोंडावर हात ठेवला. हाताखाली ओठ हलत होते.

खोपीच्या दारातून इंद्रजित बाहेर आला. मान खाली. त्याच्या मागून क्रांती, हाताला पीठ तसंच. तो आईजवळ येऊन वाकला आणि तिच्या काखेखाली डोकं घालून उभा राहिला. क्रांतीनं त्याच्या कुशीत डोकं घातलं. त्यांची हाक मोडायचं रंगुबाईला सुचलंच नव्हतं. इंद्रजितच्या हातातली कात्री उघडी होती आणि पात्यांची टोकं राणीच्या बाजूला होती.

"आई?" राणी म्हणाली. क्रांतीनं मान वर केली नाही.

रंगुबाईला एकच शब्द म्हणायचा होता. पळ. तिनं जीभ जुळवली, छाती भरून घेतली, सगळा जीव त्या एका शब्दात घातला, आणि तोंडातून निघाली ती हाकच.

राणीच्या पायांवर वळ अजून निळे होते. हाक ऐकताच तिच्या हातातली काठी पडली. ती मागं सरली, वळली आणि पळत सुटली.

रंगुबाईनं पुन्हा तो शब्द म्हणून पाहिला. पुन्हा हाक. राणी आणखी लांब गेली, ओढ्याच्या काठाकाठानं. ते रंगुबाईला दिसलं, आणि मग तिनं शब्द शोधायचं सोडून दिलं. काखेत मुलाचं डोकं जड झालं होतं, कात्रीचं थंड पातं मनगटाला लागत होतं, आणि ती सगळं बळ लावून आपल्या नातीला हाक मारत होती. प्रत्येक हाकेला पोरगी लांब जात होती. तांबडा फ्रॉक टेकाडावर चढला, क्षणभर दिसला आणि पलीकडं उतरला. तरी ती हाक मारत राहिली.